कारखान्यात आरोग्य धोरण राबवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

कुपवाड, मिरज, पलूस किंवा शिरवळच्या कारखान्यांत ‘आम्ही कामगारांसाठी आरोग्य धोरण राबवतो’ असं ऐकलं आणि चौकशी केली, तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निघते. वर्षातून एकदा शिबिर. सकाळी मंडप पडतो, रक्त घेतलं जातं, रक्तदाब मोजला जातो, फोटो निघतात आणि रिपोर्टांचा गठ्ठा एचआरच्या कपाटात जातो. ज्याची साखर वाढलेली निघाली तो माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा मशिनवर उभा असतो. त्याला पुढे काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

यामागे क्रमाची चूक आहे. तपासणी हे मधल्या टप्प्यावरचं काम आहे आणि आपल्याकडे सुरुवातच तिथून होते. खालचा क्रम साधारण ५० ते ५०० माणसांच्या कारखान्यासाठी लिहिला आहे. सूतगिरणी, बेदाणा किंवा हळदीचं युनिट, पतसंस्था, खासगी दवाखाना इथेही तोच चालतो, विषय तेवढे बदलतात.

टप्पा १ : मालकाकडून तीन गोष्टी लेखी घ्या

मसुदा लिहायला बसण्याआधी या तीन गोष्टींवर सही हवी.

वेळ. तपासणी, सल्ला, समितीची बैठक हे सगळं कामाच्या वेळेत आणि पगारी होईल. ‘पाळी सुटल्यावर अर्धा तास थांबा’ हे आपल्या भागात चालत नाही. तासगावकडच्या माणसाची एसटी ठरलेली असते आणि दुचाकीवरून जाणाऱ्याला घरी जाऊन धार काढायची असते. थांबवलं की लोक येतात, पण मन घड्याळात असतं.

पैसा. आरोग्यासाठी वेगळी तरतूद हवी. ‘कामगार कल्याण’ या एकाच खात्यात टाकलं तर दिवाळीची मिठाई आणि क्रीडा स्पर्धेचे टी-शर्ट आधी निघतात, आरोग्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

कंत्राटी कामगार. धोरण त्यांनाही लागू आहे असं स्पष्ट वाक्य हवं. सगळ्यात जड, धुळीचं आणि उष्णतेचं काम बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावर असतं आणि शिबिराच्या यादीतून सगळ्यात आधी नावं गळतात ती त्यांचीच.

*पुढे जाण्याआधी तपासा:* तपासणीसाठी गेलेला तास ठेकेदार हजेरीतून कापणार नाही, असं पत्र त्याला गेलं का? तोंडी सांगितलेलं महिनाअखेरीस पगारपत्रकात टिकत नाही.

टप्पा २ : समिती लहान, पण शॉप फ्लोअरची

सहा ते आठ माणसं पुरेत. त्यात रातपाळीचा एक सुपरवायझर, निदान दोन महिला, कंत्राटी कामगारांतला एक, युनियन असेल तर तिचा प्रतिनिधी आणि कॅन्टीन चालवणारा माणूस हवाच. कॅन्टीनवाल्याला बाहेर ठेवून जेवणाचे निर्णय घेतले, की ते पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात अडकतात. सुरक्षा समिती आधीपासून असेल तर तिच्यातूनच हा गट काढा. नवी समिती, नवं रजिस्टर, नवी बैठक वाढवू नका.

एका माणसाच्या नावावर जबाबदारी द्या आणि त्याच्या कामाच्या वेळेतून आठवड्याला ठरावीक तास मोकळे करा. ‘एचआर विभाग बघेल’ असं लिहिलं की कोणीच बघत नाही.

टप्पा ३ : जी माहिती हाताशी आहे ती आधी वाचा

बाहेरच्या एजन्सीकडून सर्वेक्षण करून घेण्याची घाई नको. अर्धी माहिती टाइम ऑफिसातच पडलेली असते. मागच्या वर्षभराची गैरहजेरी महिन्यानुसार आणि विभागानुसार मांडा. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) वैद्यकीय दाखल्यांवर कोणती कारणं पुन्हा पुन्हा येतात ते बघा, पण नावं झाकून. प्रथमोपचाराच्या नोंदवहीत चक्कर, पोटात मुरडा, डोळ्यांत कण, कंबर धरणं यांतलं काय जास्त आहे? कॅन्टीनची तेल, मीठ आणि साखरेची बिलं बाजूला काढून ठेवा, ती पुढे लागतील.

मग एकदा रात्री दोन वाजता कारखान्यात फिरा. दिवसा दिसत नाहीत अशा गोष्टी तेव्हा दिसतात: कॅन्टीन बंद, चहासोबत फक्त बिस्किटं, कुलरमधलं पाणी संपलेलं, विश्रांतीच्या खोलीला कुलूप.

शेवटी दहा प्रश्नांची बिननावी चिठ्ठी. मराठीत, आणि बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर हिंदीतही. प्रश्न साधे ठेवा. पाणी कितीदा प्यायला उठता येतं? झोप किती तास होते? तंबाखू किंवा मिश्री लावता का, सोडायची इच्छा आहे का? कामानंतर कुठे दुखतं? ‘तुमचं मानसिक स्वास्थ्य कसं आहे?’ असल्या प्रश्नाला सगळे ‘चांगलं’ लिहितात. त्याऐवजी ‘कामावर कोणाचा ओरडा रोज खावा लागतो का?’ असं विचारा.

टप्पा ४ : आधी पाणी, संडास आणि बसायची जागा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. ज्या कारखान्यात महिलांचा संडास दुसऱ्या शेडच्या टोकाला आहे आणि त्याची कडी तुटलेली आहे, तिथे ‘भरपूर पाणी प्या’ असा फलक लावून काही होत नाही. बेदाणा निवडणाऱ्या, पॅकिंगच्या लाइनवर बसणाऱ्या बायका अशा ठिकाणी मुद्दाम पाणी पीत नाहीत. लघवीची जळजळ, ताप आणि उन्हाळ्यात चक्कर ही त्याची फळं असतात, आणि गैरहजेरीच्या तक्त्यात ती ‘किरकोळ आजार’ म्हणून दिसतात. कडी, दिवा, पाणी, सॅनिटरी पॅड टाकायची झाकणाची बादली आणि दिवसातून ठरलेल्या वेळी सफाई, एवढं आधी करा.

फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात तिथे, भट्टीजवळ काम करणाऱ्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं. पाणी ऐंशी पावलांवर असेल तर तो तासाभराने एकदम तांब्याभर पितो. म्हणून पाण्याची जागा माणसाजवळ आणा. मार्च ते मे या काळात भट्टीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या पाळ्या लावून द्या.

कायद्याचा हिशेबही इथेच पुरा करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू आहे. पूर्वीच्या कारखाने अधिनियमात कॅन्टीनसाठी २५० पेक्षा जास्त कामगारांची अट होती. संहितेत ती कंत्राटी धरून १०० वर आली आहे. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी हीसुद्धा आता मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. हे सगळं कायद्याने करायचंच आहे, त्यामुळे धोरणाच्या अहवालात ‘आमचे उपक्रम’ म्हणून मिरवू नका.

*इशारा:* वाळूची धूळ, आवाज आणि रसायनांचा धूर यांच्यावर आरोग्य धोरण हा उपाय नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बंद पडली आहे आणि आत प्राणायामाचा वर्ग चालू आहे, असं होऊ देऊ नका. सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, व्यायामाने टळत नाही. तो धूळ कमी केल्याने टळतो.

टप्पा ५ : एका पानाचं धोरण, तीनच विषय

आता लिहा. पहिल्या वर्षाला तीन विषय पुरे. आपल्या भागात मी बहुतेक ठिकाणी रक्तदाब-साखर, तंबाखू आणि जेवण हे तीन सुचवतो. पॉवरलूम किंवा पॅकिंग असेल तर जेवणाऐवजी कंबर-मानेचं दुखणं घ्या. प्रत्येक विषयाखाली चारच ओळी लिहा: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत आणि झालं की नाही हे कशावरून कळणार.

मसुदा नोटीस बोर्डावर लावण्याआधी पाळी सुरू होताना प्रत्येक विभागात मोठ्याने वाचून दाखवा. लोक तिथेच अडचणी सांगतात. बोर्डावर लावलेल्या कागदाला मात्र कोणी काही बोलत नाही.

टप्पा ६ : पाठपुरावा आधी ठरवा, मग तपासणी करा

शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी खालच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे हवीत.

१. ज्याचा आकडा वाढलेला निघेल तो कोणाकडे जाईल? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी ईएसआय आहे. त्यावर वेतन असलेल्यांचं काय? ग्रुप मेडिक्लेममध्ये दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च मिळतो, रोजच्या रक्तदाबाच्या गोळीचा सहसा मिळत नाही. गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात या गोळ्या मोफत मिळतात. कोणत्या माणसाला कोणतं केंद्र जवळ पडतं ती यादी गावानुसार आधीच करून ठेवा. मिरजेत दवाखान्यांची कमतरता नाही. अडतं ते माणूस पहिल्यांदा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचण्यात.

२. त्याला जायला वेळ कोण देणार? महिन्यातून एकदा गोळ्या आणायला दोन तास पगारी सुट्टी, असा नियम लिहून ठेवा. गोळ्या बंद पडतात त्या बहुधा याच कारणाने. खाडा पडतो म्हणून माणूस पुढच्या आठवड्यावर टाकतो, आणि तो पुढचा आठवडा येत नाही.

३. रिपोर्ट कोण बघणार? ज्याचा त्याला, बंद पाकिटात, आणि डॉक्टरला. एचआरला फक्त एकत्रित आकडे. दहापेक्षा कमी माणसांचा विभाग असेल तर त्याचा वेगळा आकडाही देऊ नका, कारण लगेच ओळख पटते. आजार निघाला तर ब्रेक मिळेल, म्हणजे काम सुटेल, ही भीती कंत्राटी माणसाला असते आणि ती खोटी नसते. धोक्याच्या कामांसाठी कायद्याने लागणारी फिटनेस तपासणी वेगळी आणि ही ऐच्छिक तपासणी वेगळी. दोन्हींचे कागद, फाइल आणि शक्य असेल तर दिवसही वेगळे ठेवा. एचआयव्हीची चाचणी या यादीत घालू नका. २०१७ च्या कायद्याने ती नोकरीची अट करता येत नाही आणि संमतीशिवाय तर करताच येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. रक्तदाबाचं टेबल गेटजवळ टाकणं ही नेहमीची चूक. माणूस पंच करायला धावत आलेला असतो, गालात तंबाखू असते, हात लोंबकळत असतो, मागे वीस जणांची रांग असते आणि दोन जण त्याला हसत असतात. आकडा येतो १६०. हा रक्तदाब त्या धावपळीचा आहे. टेबल शांत खोलीत ठेवा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन आलेला, पाच मिनिटं पाठ टेकून बसलेला, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. जाड दंडाला मोठा पट्टा. वाढलेला आला तर थोड्या वेळाने पुन्हा, आणि तरीही १४०/९० किंवा वर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

साखरेसाठी उपाशीपोटी रक्त घ्यायचं असेल तर पहिल्या पाळीच्या सुरुवातीला घ्या आणि लगेच नाश्ता द्या. रातपाळी करून आलेल्या माणसाचं ‘उपाशीपोटी’ धरू नका, त्याने पहाटे तीनला चहा-बिस्किट खाल्लेलं असतं. नवरात्रात, श्रावणात किंवा रमजानमध्ये तारीख ठेवू नका. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरकडे पाठवून खात्री करून घ्यायची. मधुमेहाचा शिक्का शिबिरात मारायचा नाही.

*आणीबाणीची ओळ ठरवून ठेवा:* रक्तदाब १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल, तर रांग थांबवून लगेच गाडीने दवाखाना. गाडी आणि ड्रायव्हर त्या दिवशी गेटवर हजर हवेत.

टप्पा ७ : कॅन्टीनमध्ये भाषण नको, वजनकाटा हवा

‘तेलकट खाऊ नका’ असं सांगून कोणी वडा सोडत नाही. मोजायला सुरुवात करा. समजा रोज ३०० जेवणं आणि महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७,८०० ताटं. १५ किलोचे १४ डबे संपले तर २१० किलो तेल, म्हणजे ताटामागे सुमारे २७ ग्रॅम. मीठ ४० किलो संपलं तर ताटामागे पाच ग्रॅमच्या थोडं वर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे तुमच्या एका जेवणातच दिवसाचा कोटा संपला. लोणचं, पापड, घरचा ठेचा आणि संध्याकाळचं भडंग अजून हिशेबात धरलेलंच नाही.

हा आकडा समितीत मांडला की वाद मिटतो. मग दर पंधरा दिवसांनी मीठ आणि तेल थोडं थोडं कमी करा, कोणाला न सांगता. एकदम निम्मं केलं तर पहिल्याच दिवशी ताटं परत येतात आणि कॅन्टीनवाला ‘मी म्हटलं होतं’ म्हणतो. कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं मात्र त्याच दिवशी बंद. टेबलावरची मिठाची वाटी उचलून काउंटरवर ठेवा. हवं असेल त्याला मिळेल, सवयीने हात जाणार नाही.

आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी ठेवली तर आपल्याकडे कोणी तक्रार करत नाही. तक्रार येते ती भाकरी थंड मिळते म्हणून. त्यामुळे भाकरी थापणारी बाई दोन तास आधी हवी आणि तिचा पगार कॅन्टीनच्या करारात हवा. जेवण सुधारायचं आणि ताटाचा दर तोच ठेवायचा, हे ठेकेदाराला जमत नाही. तो डाळ पातळ करतो.

रातपाळीला गरम काहीतरी मिळालंच पाहिजे. उपमा, मुगाची खिचडी, उसळ, काहीही चालेल. त्याच पाळीला सगळ्यात कमी मिळतं.

टप्पा ८ : मावा, तंबाखू आणि मिश्री

कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून आहे आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून. आपल्या कारखान्यांतला खरा प्रश्न मात्र सिगारेटचा नाही. मावा, चुना-तंबाखू आणि बायकांमध्ये मिश्री, हा आहे. त्यामुळे ‘नो स्मोकिंग’ची पाटी लावून विषय संपवू नका.

क्रम असा ठेवा. आधी तोंडाची तपासणी, मग सोडण्यासाठी मदत, आणि तीन-चार महिन्यांनी शिस्तीचा नियम. दंडापासून सुरुवात केली तर पुडी सॉक्समध्ये जाते आणि माणूस समुपदेशकासमोर येत नाही.

तोंडाच्या तपासणीत दंतवैद्यासोबत प्रत्येकाला एक गोष्ट शिकवा. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर तोंड आखडायला लागलं आहे. माव्यातली सुपारी त्याचं मोठं कारण. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थेट तज्ज्ञाकडे.

सोडणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस फार जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, हात खिशाकडे जातो. त्या आठवड्यात त्याला रातपाळी किंवा डबल पाळी देऊ नका आणि सुपरवायझरला तसं कळवा, अर्थात त्या माणसाची परवानगी घेऊन. निकोटिनचा गम डॉक्टरच्या सल्ल्याने कारखान्याच्या खर्चातून द्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, तो नंबर लॉकरच्या दारावर चिकटवा. बायकांशी मिश्रीबद्दल बोलायला बाईच हवी आणि जागा वेगळी हवी. सगळ्यांसमोर विचारलं तर एकही हात वर येणार नाही.

टप्पा ९ : पाळी आणि झोप

हा विषय बाहेरच्या सल्लागारांच्या छापील धोरणात सापडत नाही. आपला कामगार शेतकरीही आहे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्री असते. उसाला पाणी द्यायला तो रात्री शेतात असतो आणि सकाळी सातला प्रेसवर उभा असतो. त्याला ‘आठ तास झोपा’ सांगून काय होणार?

करता येतं ते असं. पाळ्यांचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावा, म्हणजे तो पाण्याची पाळी शेजाऱ्याशी बदलून घेऊ शकेल. पाळी सकाळ, दुपार, रात्र या दिशेने फिरवा, उलटी नको. डबल पाळीनंतर लगेच दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी देऊ नका. ‘आज झोप झालेली नाही’ असं सांगणाऱ्याला त्या दिवशी प्रेस, क्रेन किंवा फोर्कलिफ्टऐवजी दुसरं काम द्या आणि त्याबद्दल शेरा मारू नका. असं सांगायची मुभा आहे हे सुपरवायझरने स्वतः सांगितलं पाहिजे, म्हणून सुपरवायझरांची वेगळी बैठक याच टप्प्यावर घ्या. मनावरच्या ताणासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही तिथेच द्या. तो कसा लावायचा ते एकदा स्पीकरवर लावून दाखवा.

टप्पा १० : काय मोजायचं

किती लोक शिबिराला आले हा आकडा सोपा आहे आणि निरुपयोगीही. दर तीन महिन्यांनी हे बघा:

– वाढलेला रक्तदाब निघालेल्यांपैकी किती जण डॉक्टरकडे पोचले आणि किती जणांच्या गोळ्या आजही चालू आहेत
– ताटामागे तेल आणि मीठ किती ग्रॅम
– तंबाखू सोडून सहा महिने टिकलेले किती
– या सगळ्यांत कंत्राटी कामगारांचा आणि महिलांचा वाटा किती

वजन घटवण्याच्या स्पर्धा आणि चालण्याच्या पावलांची बक्षिसं ठेवू नका. बक्षीस ऑफिसातला तरणा गडी नेतो. आठ तास उभं राहून पन्नास किलोचे साचे उचलणाऱ्याला आणखी चालायला सांगणं त्याच्या कामाचा अपमान आहे. त्याला खुर्ची, उचलायला ट्रॉली आणि कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टची भेट हवी असते.

दुसऱ्या वर्षी नवे विषय घेण्याआधी पहिल्या तीन विषयांची यादी काढा आणि ज्यांच्या गोळ्या मध्येच बंद पडल्या त्यांच्याशी डॉक्टरने किंवा नर्सने एकेकट्याशी बोलावं. सुट्टी मिळाली नाही, दवाखान्यात गोळी संपली होती, बरं वाटलं म्हणून सोडली, यांपैकी कोणतं कारण किती जणांचं आहे ते बिननावी समितीला द्यावं. पुढच्या वर्षाची तरतूद त्या यादीवरूनच करा.